एकविसावा रकाना : क्राउडस्ट्राइक प्रकरण आणि गुणवत्ता अभियंत्याची हद्द

१९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, भारतात कार्यालये उघडत असताना सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपली फाल्कन ही हल्ले ओळखणारी प्रणाली वापरणाऱ्या विंडोज संगणकांकडे एक लहानशी फाईल रवाना केली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत ज्या संगणकांनी ती फाईल उतरवून घेतली, ते निळा पडदा दाखवून कोसळले, आणि पुन्हा सुरू केले की तीच फाईल वाचून पुन्हा कोसळू लागले. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या अंदाजानुसार अशी सुमारे ८५ लाख यंत्रे होती, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण हा एक टक्का विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत आणि दूरचित्रवाणी केंद्रांत बसलेला होता. आपल्याकडे इंडिगोला जवळजवळ २०० उड्डाणे रद्द करावी लागली, आणि हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे छायाचित्र देशभर फिरले. मुंबईहून रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी निवेदन काढून सांगितले की केवळ १० बँका आणि बँकेतर वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला; बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नाहीत आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँकाही थोड्याच आहेत, असे कारणही त्या निवेदनात होते. म्हणजे आपल्या बहुतेक बँका वाचल्या त्या ग्राहक नव्हत्या म्हणून.

सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या आठवड्यात घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि दुसऱ्या खात्यातल्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : यांनी टेस्टिंग केलेच नव्हते का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर ‘नाही’ असे नाही. चाचण्या झाल्या होत्या, ताणाची चाचणीही झाली होती, आणि ज्या दिवशी फाईल बाहेर पडली त्या दिवशीही एका स्वयंचलित पडताळणीने तिला ‘ठीक’ असा शेरा दिला होता. चाचण्या असूनही दोष बाहेर पडतो, तेव्हा त्या चाचण्यांची हद्द कोणी आखली होती आणि तिच्या बाहेर काय राहिले, हे पाहावे लागते. कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेला मूळ कारणांचा अहवाल याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे, आणि पुढील विवेचनाचा आधारही मुख्यतः तोच आहे.

फाईल की प्रोग्राम?

फाल्कनचा जो भाग ग्राहकाच्या संगणकावर बसतो त्याला सेन्सर म्हणतात. हल्लेखोर नजरेतून सुटू नये म्हणून हा सेन्सर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, संगणक सुरू होतानाच कामाला लागतो. तेथे चूक झाली तर एखादा प्रोग्राम बंद पडून भागत नाही, आख्खे यंत्र बसते. सेन्सरला नवी माहिती पोचवण्याच्या दोन वाटा होत्या. पहिल्या वाटेने सेन्सरची नवी आवृत्ती जाई : तीत प्रत्यक्ष कोड असे, तिची रीतसर चाचणी होई, ती टप्प्याटप्प्याने सोडली जाई, आणि ग्राहकालाही सर्वांत नवी आवृत्ती घ्यायची की एक-दोन पावले मागे राहायचे, हे ठरवता येई. दुसऱ्या वाटेने ‘त्वरित प्रतिसादाचा मजकूर’ जाई. नवा हल्ला दिसला की त्याची खूण पटवण्यासाठी सेन्सरने नेमके काय शोधावे, हे सांगणारी ही फाईल कोड मानली जात नसे. ती केवळ माहिती, म्हणून ती सर्व ग्राहकांना एकाच वेळी मिळे, आणि मागे राहण्याची सोय या वाटेवर नव्हती. जुन्या काळच्या जकात नाक्यावर मालाची प्रत्येक गाडी थांबवून उघडून पाहावी आणि टपालाच्या थैलीला मात्र कोणी हात लावू नये, असा हा प्रकार होता. खबरदार ग्राहक सेन्सरच्या एक आवृत्ती मागे राहिले होते, पण थैली त्यांच्याही दारात पडली.

आता दोषाकडे येऊ. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सेन्सरची ७.११ ही आवृत्ती आली. संगणकावरील दोन प्रक्रिया एकमेकींशी ज्या मार्गाने बोलतात त्या मार्गाचा गैरवापर करणारे हल्ले ओळखण्यासाठी तीत एक नवा साचा घातलेला होता. साचा म्हणजे एखाद्या कार्यालयातला कोरा अर्ज समजा. त्यात तुलना करण्यासाठी २१ रकाने होते. मात्र सेन्सरमधला जो कोड या रकान्यांसाठी प्रत्यक्ष माहिती पुरवत होता, तो २० च मूल्ये देत होता. अर्जावर एकवीस रकाने आणि खिडकीवरचा कारकून विसांचीच उत्तरे लिहून देणारा, अशी ही विसंगती साच्याच्या जन्मापासून होती, आणि तरी साडेचार महिने कोणाला कळली नाही.

न कळण्याचे कारण फार शिकवणारे आहे. प्रत्येक रकान्यात ‘हे मूल्य असले तर’ अशी अट घालता येते किंवा ‘काहीही चालेल’ असे सांगणारे चिन्ह, म्हणजे वाइल्डकार्ड, ठेवता येते. वाइल्डकार्ड असले की सेन्सर त्या रकान्याकडे ढुंकूनही पाहत नाही. विकासाच्या काळात साच्याची चाचणी घेण्यासाठी जी नमुना माहिती निवडली गेली, ती हाताने निवडलेली होती आणि तिच्यात एकविसाव्या रकान्यात प्रत्येक वेळी वाइल्डकार्डच होते. ५ मार्चला ताणाची चाचणी झाली, ती पार पडली. त्याच दिवशी या साच्याची पहिली फाईल प्रत्यक्ष वापरात गेली, ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन गेल्या, आणि या चारही फाईलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असेच होते. चार वेळा सुखरूप पार पडलेल्या रस्त्यावर पाचव्या वेळी कोण कंदील घेऊन जाणार? १९ जुलैला दोन नव्या फाईली गेल्या, आणि त्यांपैकी एकीत एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच विशिष्ट मूल्य मागितलेले होते. सेन्सर विसाव्या मूल्याच्या पुढे, जिथे काहीच ठेवलेले नव्हते अशा स्मृतीत, एकविसावे मूल्य शोधायला गेला आणि कर्नल कोसळले. सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे कंपनीच्या वतीने क्षमा मागताना अ‍ॅडम मेयर्स यांनी बुद्धिबळाचे उदाहरण दिले : पटावर जिथे घरच नाही तिथे सोंगटी सरकवण्याचा हा प्रयत्न होता.

वाटेत एक पहारेकरी होता, तो म्हणजे मजकूर बाहेर पडण्यापूर्वी तपासणारा व्हॅलिडेटर. त्याने फाईल तपासली आणि सोडली, कारण साच्याला २१ मूल्ये मिळणार आहेत असे त्यानेही गृहीत धरलेले होते. साचा लिहिणाऱ्याचे जे गृहीतक, तेच तपासणाऱ्याचे. मग तपासणी म्हणजे आरशात पाहून दुसऱ्याची साक्ष काढण्यासारखे झाले. चाचणीच्या व्यवसायात मायकेल बोल्टन यांनी २००९ मध्ये ‘चाचणी’ आणि ‘पडताळणी’ यांत भेद करावा असा आग्रह धरला, तेव्हा अनेकांना तो शब्दांचा कीस वाटला होता. आधीपासून ठरलेल्या अपेक्षेशी निकाल जुळतो का हे यंत्रही पाहू शकते, ती पडताळणी. ती अपेक्षाच बरोबर आहे का, असे विचारणे ही चाचणी, आणि ती माणसाची कामगिरी. व्हॅलिडेटरने पडताळणी चोख केली. खरा सेन्सर चालवून त्याला ही फाईल खायला घालण्याची पायरी मात्र त्या वाटेवर नव्हती. ती असती तर पहिल्याच यंत्राने उत्तर दिले असते, असे मला वाटते. आणि पुढे न्यायालयात डेल्टा एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीनेही हेच म्हटले आहे.

अज्ञान नव्हे, आमंत्रणाचा अभाव

या प्रकरणातून काढला जाणारा सर्वांत सोपा निष्कर्ष असा, की कंपनीला चांगले टेस्टर मिळाले नसावेत. तो मला पटत नाही. वाइल्डकार्ड आणि विशिष्ट मूल्य हे माहितीचे दोन वेगळे गट आहेत आणि प्रत्येक गटातला किमान एक नमुना घेतलाच पाहिजे, हे चाचणीचे बाळकडू आहे. आयएसटीक्यूबी ही चाचणी अभियंत्यांना प्रमाणपत्रे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. तिच्या पायाभूत परीक्षेच्या अभ्यासक्रमात ही विभागणी आणि सीमेवरच्या मूल्यांची चाचणी ही दोन्ही तंत्रे आहेत, आणि पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत ती परीक्षा उत्तीर्ण झालेले शेकडो जण सापडतील. सीमेवरचे मूल्य म्हणजे इथे एकविसावे. पहिल्या वर्षाच्या टेस्टरला साच्याचा आराखडा समोर ठेवून ‘यात काय तपासशील’ असे विचारले असते, तर शेवटच्या रकान्यावर त्याचे बोट गेले असते.

म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, पण ज्या वस्तूला ‘माहिती’ म्हटले तिच्या दारात त्या ज्ञानाला बोलावणे नव्हते. अशी वर्गवारी बैठकीत पाच मिनिटांत होते आणि पुढची दहा वर्षे कोणी तिच्याकडे पाहत नाही, हा आपल्या क्षेत्रातला सार्वत्रिक अनुभव आहे. ‘हे फक्त कॉन्फिगरेशन आहे’, ‘हा फक्त डेटाबेसमधला बदल आहे’, ‘यात कोड नाही, साइन-ऑफ (संमतीची सही) कशाला’ ही वाक्ये मी स्वतः इतक्या वेळा ऐकली आहेत, आणि घाईच्या वेळी मान्यही केली आहेत, की या प्रकरणातल्या कोणाकडे बोट दाखवताना मला संकोच वाटतो.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीने विषाणूंच्या खुणांची ५९५८ क्रमांकाची फाईल पाठवली आणि तिने विंडोज एक्सपीचा एसव्हीसीहोस्ट हा अत्यावश्यक घटकच विषाणू ठरवून बाजूला काढला. जगभर संगणक सुरू-बंद, सुरू-बंद होत राहिले. तीही फाईल ‘माहिती’च होती. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कुर्ट्झ होते, आणि पुढे क्राउडस्ट्राइकची स्थापना करणाऱ्यांतही तेच होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. येथे दुसऱ्यांदाही दूधच होते, भांडे तेवढे वेगळे. मात्र व्यक्तीवर घसरून काही साधत नाही. सुरक्षेच्या धंद्यात उशीर हाच मोठा दोष मानला जातो : आज दिसलेल्या हल्ल्याची खूण उद्या पाठवली तर ग्राहक आजच लुटला जातो. त्वरेच्या या दडपणामुळेच दुसरी वाट नाक्याविना ठेवली गेली. ते दडपण खरे होते, त्यामुळे ‘चाचणीसाठी थांबा’ एवढेच सांगणारा अभियंता तेथे टिकला नसता. मिनिटांत उरकणारी, तरीही खऱ्या सेन्सरवर चालणारी चाचणी कशी बांधायची, हे सांगणारा माणूस तेथे हवा होता.

बदललेले काम

येथून गुणवत्ता अभियंत्याच्या भूमिकेचा प्रश्न सुरू होतो. एके काळी टेस्टर म्हणजे तयार झालेली वस्तू हातात घेऊन दोष शोधणारा, रिलीजच्या आदल्या रात्री रिग्रेशनच्या, म्हणजे जुने काही बिघडले नाही ना हे पुन्हा पाहण्याच्या, याद्या पुऱ्या करणारा कर्मचारी होता. घरच्यांना सांगताना ‘टेस्टिंगमध्ये आहे’ असे थोड्या खालच्या आवाजात सांगितले जाई, आणि ‘डेव्हलपमेंटमध्ये’ कधी जाणार, हा प्रश्न त्याला चिकटलेलाच असे. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अनेक गटांतली स्वतंत्र चाचणी अभियंत्यांची पदे डेव्हलपरच्या पदांत मिसळली आणि इतरत्रही ती लाट आली. तेव्हा हा व्यवसाय संपला असे भाकीत पुष्कळांनी केले. पद मोडले तरी काम मोडले नाही. ते पुढे आराखड्याच्या बैठकीत आणि मागे प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीच्या, देखरेखीत, अशा दोन्ही दिशांना सरकले, हे आज दिसते.

क्राउडस्ट्राइकने अहवालात दिलेले उपाय या सरकण्याचा जवळजवळ नकाशाच आहेत. रकान्यांची संख्या आणि पुरवलेल्या मूल्यांची संख्या जुळते की नाही हे कोड बांधतानाच तपासायचे, हा आराखड्याच्या वेळचा उपाय झाला. मूल्ये वाचताना सीमेबाहेर जाऊ न देणारी तपासणी सेन्सरमध्येच बसवायची, हा बचावाचा उपाय झाला, आणि तो डेव्हलपर व गुणवत्ता अभियंता यांनी मिळून मागायचा असतो. नमुना माहितीत वाइल्डकार्डशिवायची मूल्येही घ्यायची, हे टेस्टरचे जुने काम. व्हॅलिडेटरची चूक दुरुस्त करायची आणि त्याच्या पुढे प्रत्यक्ष सेन्सरच्या वाचकाकडून फाईल वाचवून घ्यायची, हे त्याचे नवे काम. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा उपाय : हा मजकूरही आधी कंपनीच्या आत, मग थोड्या ग्राहकांकडे, मग सर्वांकडे असा टप्प्याने सोडायचा, प्रत्येक टप्प्यावर यंत्रांची प्रकृती पाहायची आणि ग्राहकालाही तो कधी घ्यायचा हे ठरवू द्यायचे. चाचणी पुरी झाली आणि रिलीज झाले ही सीमारेषाच यात पुसली जाते. सोडणे हाच चाचणीचा पुढचा भाग बनतो. ७८ मिनिटांऐवजी पहिल्या सात मिनिटांत, काही शेकडो यंत्रांवर हा दोष दिसला असता, तर त्याची बातमी झाली नसती.

दुरुस्तीच्या बाजूनेही एक धडा आहे, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. फाईल मागे घेतली तरी कोसळलेले यंत्र ती मागे घेऊ शकत नव्हते, कारण ते इंटरनेटपर्यंत पोचण्याआधीच पडत होते. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, २९१ क्रमांकाची ती फाईल शोधून काढून टाकायची. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद असेल तर त्याआधी अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मिळवायची, आणि ती की ज्या सर्व्हरवर ठेवलेली तोही कित्येक ठिकाणी कोसळलेला. क्लाउडवरील यंत्रांबाबत मायक्रोसॉफ्टने पंधरा वेळांपर्यंत पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा सल्ला दिला होता, तो वाचून त्या दिवशीही हसू आले होते. ‘चूक झाली तर परतीचा रस्ता चालतो का’ हेही चाचणीचेच प्रकरण आहे, आणि ते ग्राहकाच्या बाजूला बसलेल्या गुणवत्ता अभियंत्याच्या वाट्याला येते. बँकेत किंवा विमान कंपनीत काम करणारा टेस्टर आजवर आपल्या संघाने लिहिलेले तपासत होता. दुसऱ्याने पाठवलेला आणि आपल्या परवानगीशिवाय उतरणारा मजकूर आला तर आपले काउंटर कसे चालेल, हे तपासणे त्याच्या कामाच्या वर्णनात नव्हते.

समुदायाची भूमिका

या व्यवसायात औपचारिक शिक्षण थोडे आणि एकमेकांकडून शिकणे जास्त, अशी परिस्थिती नेहमीच राहिली आहे. महाविद्यालयात चाचणीला बहुतेक ठिकाणी फारशी जागा मिळत नाही. म्हणून २००९ मध्ये बंगळुरूच्या काही टेस्टरांनी शनिवार-रविवारी एकत्र जमून खऱ्या सॉफ्टवेअरवर चाचणीचा सराव करण्याचा ‘वीकेंड टेस्टिंग’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो देशाबाहेरही पोचला. एकीकडे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि दुसरीकडे प्रमाणपत्रांबद्दल साशंक असणारे, संदर्भाप्रमाणे चाचणी बदलते असे मानणारे गट, यांचे भांडण जुने आहे आणि ते मिटावे अशी माझी इच्छाही नाही. पण क्राउडस्ट्राइक प्रकरणात हे दोन्ही पक्ष अपुरे ठरतात. प्रमाणपत्राने एकविसाव्या रकान्याचे तंत्र शिकवले असते; सरावाच्या गटाने ‘ही अपेक्षा कोणाची’ असे विचारण्याची सवय लावली असती. ‘ही फाईल कोड आहे की माहिती, हे ठरवणाऱ्या खोलीत आम्हाला बसवा’ अशी मागणी मात्र यांपैकी कोणीच संघटितपणे केलेली नव्हती. वैद्यक किंवा स्थापत्य या व्यवसायांत ‘माझ्या सहीशिवाय हे होणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने आणि संघटनेने मिळवलेला आहे. सॉफ्टवेअरच्या गुणवत्ता अभियंत्याला साइन-ऑफ विचारतात ते बहुधा शिष्टाचार म्हणून, आणि त्याने नकार दिला तर रिलीज व्यवस्थापक ‘ज्ञात जोखीम’ असा शेरा मारून पुढे जातो.

अशा प्रकरणांचे जाहीर वाचन हे समुदायाच्या हातातले सर्वांत उपयुक्त साधन आहे, असे माझे मत बनले आहे. त्या ऑगस्टनंतर आमच्या छोट्या गटाने तो अहवाल तीन शनिवारी वाचला. पहिल्या शनिवारी सर्वांनी व्हॅलिडेटरला दोष दिला, दुसऱ्या शनिवारी नमुना माहितीला. तिसऱ्या शनिवारी एका तरुण सहकारिणीने विचारले, ‘आपल्याकडे अशा कोणकोणत्या फाईली आहेत ज्या आपण तपासतच नाही?’ त्या संध्याकाळी फळ्यावर तयार झालेली यादी आमच्या वर्षभराच्या रिग्रेशनच्या यादीहून लांब होती : भाषांतराच्या फाईली, कराचे दर, परवानग्यांचे तक्ते, वैशिष्ट्ये चालू-बंद करणाऱ्या कळा, आणि आता यंत्रशिक्षणाची प्रारूपे, ज्यांना कोड म्हणावे की माहिती हे त्यांच्या निर्मात्यांनाही नीट सांगता येत नाही.

डेल्टाचा दावा हा या प्रकरणाचा अजून चालू असलेला भाग आहे. पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झालेल्या या कंपनीने आपले नुकसान ५० कोटी डॉलर सांगितले आणि जॉर्जिया राज्यात क्राउडस्ट्राइकवर खटला भरला. क्राउडस्ट्राइकने उलट डेल्टाच्या जुन्या यंत्रणेमुळे तिचे पुनरुज्जीवन लांबले असे म्हटले. मे २०२५ मध्ये फुल्टन काउंटीच्या न्यायाधीशांनी घोर हलगर्जीपणाचा मुद्दा पुढे चालवण्यास परवानगी दिली. एकाच संगणकावर ही फाईल चालवून पाहिली असती तरी तो कोसळला असता, हा डेल्टाच्या तक्रारीचा गाभा आहे. आजवर चाचणीची नमुना माहिती कोणी निवडली, कशी निवडली आणि काय वगळले, याची नोंद संघाच्या एखाद्या सामायिक तक्त्यात पडून राहत असे आणि प्रकल्प संपला की नाहीशी होई. त्या साच्याच्या चाचणीत एकविसाव्या रकान्यात सर्वत्र ‘काहीही चालेल’ असे हाताने ठेवले गेले होते, ही नोंद आता कंपनीच्या स्वतःच्या अहवालात छापलेली आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वाचलेली असणार.